जेतवन नगरातले घर सुजाताच्या नावे

मी, नलू श्रावण मनवर, वय चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार जेतवन नगर, दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या चष्म्याने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग मी आपणहून एकोणिसाचा पाढा सुरू केला, तो त्यांनी मध्येच थांबवला, कारण बाहेर पेशंट खोळंबले होते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा एक प्रयत्न झाला, त्याची हकीकत पुढे येईल.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात 'माझ्या पश्चात वाद होऊ नये म्हणून' असे वाक्य आहे. ते मी गाळले. वाद होणारच. तो कशावरून व्हावा, एवढे तरी मला ठरवू द्या.

कलम पहिले. कुटुंब.

माझे पती श्रावण मनवर इथल्या एका जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली. आम्हांला दोन अपत्ये. थोरली मोनाली वणीला दिली. तिचे यजमान कपिल कोळसा खाणीत नोकरीला आहेत. धाकटा राजदीप २०१९ च्या पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने गेला. त्याच्या नावापुढे एक शब्द लिहावा लागतो असे वकीलसाहेब म्हणाले. तो शब्द मी लिहिला आहे असे समजावे. राजदीपच्या मागे त्याची पत्नी सुजाता आणि मुलगी खुशी, इयत्ता सहावी, या दोघी माझ्याजवळ राहतात. माझे धाकटे दीर भारत मनवर याच नगरात राहतात व आमच्या विहार समितीचे सचिव आहेत.

कलम दुसरे. स्थावर.

जेतवन नगरातील तीन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे परस व लिंबाचे एक झाड असलेले घर. जागा माझ्या पगारातून घेतली, बांधकामही माझ्या पगारातून झाले, म्हणून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. विटा मात्र श्रावणनी स्वतः पाणी मारून भिजवल्या. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस व उत्तरेस आमच्याच लोकांची घरे, पश्चिमेस एक बोळ व बोळीपलीकडे विमलताई जिरापुरे यांचे परसदार. त्या कुणबी समाजाच्या. पहिली काही वर्षे आम्ही बोळीच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत असू. त्या अलीकडे येत नसत आणि मी पलीकडे जात नसे. पुढे ते कसे बदलले, तेही येईल.

हे घर माझ्या मृत्यूनंतर माझी सून सुजाता राजदीप मनवर, माहेरचे नाव नांग सुजाता नामचूम, हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. पूर्ण मालकीचे. कसलीही अट नाही.

हे वाक्य वाचून जे उठून बसतील, त्यांच्यासाठी पुढची कलमे लिहिली आहेत.

कलम तिसरे. ती घरात कशी आली.

राजदीप पुलाच्या कामांवर सुपरवायझर होता. कंपनीने त्याला अरुणाचलात पाठवले. एक दिवस त्याचा फोन आला. "आई, मी पोरगी पाह्यली. सुजाता नाव हाय. बुद्धिष्ट हाय."

मला आनंद झाला. सुजाता हे नाव आमच्याकडे घरोघरी. मी समजले, तिकडे नोकरीला असलेल्या कोणातरी आपल्या माणसाची मुलगी असेल, नांदेडकडची किंवा अकोल्याकडची. मी विचारले, "आडनाव काय?" तो हसला आणि रेंज गेली.

नागपूरहून येणाऱ्या बसला मी स्टँडवर गेले. राजदीप उतरला. त्याच्यामागे एक मुलगी उतरली, बारीक डोळ्यांची, रुंद गालांची, पायघोळ काळसर लुंगीसारखे वस्त्र नेसलेली. मी तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिले, बसमधून माझी सून उतरण्याची वाट पाहत. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला तेव्हा मला कळले. तिलाही कळले. मी तिच्याकडे बघत नव्हते हे तिने पाहिले होते. पुढे पुष्कळ वर्षांनी तिने मला ते सांगितले, तक्रार म्हणून नाही, एक गंमत म्हणून. मला ती गंमत वाटली नाही.

मोनालीला मी रात्री फोनवर म्हणाले, "बाई, आपल्या नातवंडांचे नाकडोळे कसे निघतील?" ती फाडकन म्हणाली, "आई, आमच्या कॉलनीत बिहारी हायत, तेलुगू हायत, बिलासपुरी हायत. सगळ्याईच्या पोराईले दोनच डोळे हायत. तुले काय झालं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदनेला बसले. सुजाता माझ्यामागे येऊन बसली. मी त्रिशरण सुरू केले आणि मागून तेच शब्द आले, पण निराळ्या चालीत, निराळ्या उच्चारात, जसे पाणी दगडावरून जाते तसे. तिच्या माणसांनी ते कित्येक पिढ्या म्हटले होते. आमच्या घरी ते माझ्या सासऱ्यांनी आणले, छप्पन सालानंतर. मी थांबले. ती थांबली नाही. तिने पुरे केले. ती खाली बघून हसली आणि तिने मला हिंदीत विचारले, "मैंने गलत बोला?"

मी म्हणाले, "नाही."

कलम चौथे. रंगाविषयी.

हे कलम वकीलसाहेब अनावश्यक म्हणतात. मला ते आवश्यक वाटते.

मी काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळी. मला पाहायला आलेल्या माझ्या सासूबाई बाहेर जाऊन म्हणाल्या होत्या, "पोरगी शिकेल हाय, पण रंगानं लय दबली." श्रावण तिथेच उभे होते. ते म्हणाले, "मले मास्तरीण पाह्यजे. भिंतीले लावाचा रंग नाही पाह्यजे." म्हणून आमचे लग्न झाले. सासूबाई पुढे माझ्यावर माया करू लागल्या, पण लेकराला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचे बोट लावताना "हिच्या पोराले कायले लागते" असे म्हणून हसायच्या. सगळे हसायचे. मीही हसायचे.

आम्ही अशी माणसे आहोत की जन्मावरून माणसाची किंमत करू नये हे सांगण्यात आमचे बापजादे झिजले. आणि आमच्याच नगरात लग्नाच्या परिचयपत्रावर 'गोरी' हा शब्द ठळक छापतात. मला यावर भाषण करायचे नाही, भाषणे आमच्याकडे पुष्कळ होतात. मला एकच सूचना करायची आहे. माझ्या मृत्यूनंतर फोटो मोठा करून घ्याल, तेव्हा स्टुडिओवाला विचारल्याशिवाय चेहरा उजळ करून देतो. तो करू देऊ नये. मी आहे त्याच रंगाची भिंतीवर राहीन.

कलम पाचवे. 'तशी' या शब्दाविषयी.

सुजाताला नगरात आधी 'नेपाळीण' म्हणायचे. मग कोणीतरी तिचे आधार कार्ड पाहिले, त्यावर 'नांग' होते. तिच्या लोकांत बाईच्या नावाआधी ते लावतात, आपल्याकडे श्रीमती लावावे तसे. त्याची 'नांगी' झाली. विंचवाची. गावातल्या तिघांनी तिला मोमोची गाडी लावण्याचा सल्ला दिला. तिला मोमो करता येत नाहीत. ती लॅब टेक्निशियन आहे. इथल्या एका लॅबमध्ये ती लोकांचे रक्त काढते.

एकदा विमलताईंचा कुत्रा, मोती, नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू आमच्या परसात आला आणि लिंबाखाली, टाक्यामागे, राखेच्या ढिगाकडे बघू लागला. मी विचारले, काय शोधतोस? तो म्हणाला, "आजीनं पाठवलं. मोती पाहाले." त्याने स्वयंपाकघराकडेही मान वळवली. त्याच्या मनात काही नव्हते, त्याला सांगितले तिकडे तो पाहत होता.

चार दिवसांनी मोती बाजार समितीच्या आवारातून लंगडत परत आला. संध्याकाळी विमलताई बोळीपाशी उभ्या राहिल्या.

"मनवरबाई, राग नका मानू. तिकडचे लोकं खातेत म्हने, म्हनून पाहाले पाठवलं."

मी म्हणाले, "खात असतील कोणी. आमची सुजाता तशी नाही हो. ती आपल्यासारखीच आहे."

मला वाटले, मी तिची बाजू घेतली. रात्री भांडी आवरताना सुजाताने विचारले. तोवर ती आपली भाषा बोलू लागली होती, तीही घरातली नव्हे, बाजारातली.

"आई, तशी म्हंजे कशी?"

"म्हणजे, लोक समजतात तशी."

"आन् माझी मावशी तशी असली तर?"

मी भांडी पुसत राहिले.

मला माझी शाळा आठवली. सुरुवातीला मी एका खेड्यावर होते. तिथे शिक्षकांच्या खोलीत माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे, कान तुटलेला. त्याबद्दल मी रडले नाही, घरून पेला नेऊ लागले. पुढे दुसऱ्या शाळेत सदाशिवराव नावाचे मुख्याध्यापक लाभले. भला माणूस. एका तपासणीनंतर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मनवरबाई, तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही." कान तुटलेल्या कपाने मला जे केले नव्हते, ते या वाक्याने केले. मी खूश झाले. घरी येऊन मोठ्या कौतुकाने श्रावणना सांगितले. ते जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "मंग कोनातली वाटते?"

त्या रात्री मला ते पुन्हा ऐकू आले. मी सुजाताला तेच बक्षीस देत होते, जे मला मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी मी विमलताईंना हाक मारली आणि सांगितले, "ताई, काल मी चुकीचं बोलले. सुजाता कशीही असो, ती माझ्या घरची आहे. तुमचा मोती हरवला तर आधी माझ्याशी बोला, परसात पोराला पाठवू नका." दोन दिवसांनी विमलताई बोळ ओलांडून मागच्या दाराने आत आल्या, पहिल्यांदाच. हातात ताकाचे पातेले होते. माफी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण चूल होती त्या खोलीत बसल्या आणि सुजाताने केलेला पानात बांधलेला चिकट भात खाल्ला. "जरा गिजगा हाय," म्हणाल्या. तो गिजगाच असतो. तेव्हापासून त्या पुढच्या दाराने कधी आल्या नाहीत. हे मागचे दार त्यांच्यासाठी उघडे राहावे, अशी माझी सुजाताला विनंती आहे. अट नव्हे.

कलम सहावे. मी सुजाताचे गुण का लिहीत नाही.

सुनेच्या नावे घर करणाऱ्या बाईने लिहायचे असते की तिने माझी सेवा केली, मला जपले, तिच्यासारखी लाखात एक. मी ते लिहिणार नाही. लिहिले तर लोक म्हणतील, चांगली निघाली म्हणून मिळाले. म्हणजे तिच्यासारख्या चेहऱ्याची दुसरी कोणी आली, तर तिनेही आधी चांगले निघून दाखवावे. आपल्या मोनालीला कोणी चांगले निघायला सांगितले नाही. ती जन्मली, तेवढे पुरले.

म्हणून इथे नोंद करते की सुजाता रागीट आहे. रागावली की दोन दिवस बोलत नाही आणि कपडे इतके आपटून धुते की बटणे तुटतात. फोनवर मोठ्याने बोलते. माझ्या हातचे पिठले तिला आवडत नाही आणि ते ती लपवत नाही. सिरीयलच्या वेळी मधेच चॅनल बदलते. ती माझी वारस आहे.

कलम सातवे. राजदीप गेल्यानंतर.

त्याला आमच्या भारतभाऊंनी खांदा दिला. लहानपणी त्याला सायकल त्यांनीच शिकवली होती. शेवटच्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्यांसाठी तेच धावले. हे आधी लिहिते, कारण पुढचे लिहायचे आहे.

पंधरवड्याने भारतभाऊंनी घरात बैठक घेतली. सुजाताचे वडील तिकडून आले होते, ओट्यावर बसले होते. त्यांना मराठी येत नव्हते, मला त्यांची भाषा येत नव्हती. आम्ही दोघे नुसते एकमेकांकडे बघून मान हलवत होतो. आत भारतभाऊ म्हणाले, "वहिनी, बाई आता इथं कायले राह्यते? तिचा मुलूख तिकडं. ते जाईल. पोरगी आपली हाय, पोरीले ठेवून घ्या."

सुजाता दारात उभी होती. तिने मला विचारले, "आई, जाऊ का मी?"

मी म्हणाले, "जायचं असेल तर खुशीला घेऊन जा. मी नागपूरपर्यंत सोडायला येईन. राहायचं असेल तर उद्या बाजारातून मेथी आण, घरात भाजी नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मेथी आणली. तिचे वडील तिच्यासोबत बाजारात गेले होते. त्यांनी मला एक नारळ आणला आणि तो दोन्ही हातांनी दिला.

त्यानंतर काही महिन्यांनी करोना आला. सुजाता लॅबला जाताना रस्त्यात पोरे ओरडली, "कोरोना चालला, कोरोना." रक्त द्यायला आलेल्या दोन बायांनी हात मागे घेतला. किराण्याच्या रांगेत कोणी म्हटले, चीनले जाय. ती घरी आली, न्हाणीत गेली, बराच वेळ पाणी ओतत राहिली. दुसऱ्या दिवशी मी तोंडाला फडके बांधून तिच्याबरोबर त्या रांगेत उभी राहिले. त्या रांगेत माझे जुने विद्यार्थी पाचसात तरी होते. ते खाली बघू लागले.

कलम आठवे. खुशीचे नाटुकले.

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात मुलांचे नाटुकले होते. सुजाता गौतमाला खीर देते तो प्रसंग. खुशी घरात आठ दिवस तांब्या घेऊन खीर द्यायचा सराव करत होती. आईचेच नाव, म्हणून तिला वाटले की ते काम तिचे. समितीने ते दुसऱ्या मुलीला दिले. मी भारतभाऊंना विचारायला गेले.

"वहिनी, मुद्दाम नाही केलं. पाहनाऱ्याईले पटलं पाह्यजे ना. सुजाता आपल्या देशातली होती."

"आणि खुशी?"

"ते नाही म्हनत मी. चेहरा म्हनतो."

"तुम्ही सुजाताला पाहिलं होतं?"

"चित्रात पाह्यलं ना."

"चित्र काढणाऱ्यानं पाहिलं होतं?"

ते म्हणाले, "खुशीले दुसऱ्या नाटुकल्यात चिनी प्रवासी करू. चांगलं काम हाय. छत्री, पोथ्या, सगळं हाय. शोभते तिले."

मी घरी येऊन खुशीला सांगितले. तिने विचारले, "आजी, तो चिनी प्रवासी शेवटी घरी जाते का?"

"हो. ग्रंथ घेऊन आपल्या देशात परत जातो."

"मंग मी नाही करत ते. मी इथंच राह्यते."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी मांडवात मागे बसलो. ज्या मुलीने सुजाता केली, ती आमच्याच नगरातली, माझ्या रंगाची. तिला पांढरी पावडर थापली होती. उकाड्याने तिच्या गळ्यापाशी घामाचे ओघळ आले आणि पावडरीखालचा तिचा रंग रेघा रेघांनी दिसू लागला. ती सारखी पदराने गळा झाकत होती. माझ्या मांडीवर बसलेल्या मुलीचा चेहरा चालत नव्हता आणि त्या मुलीचाही चालत नव्हता. मला दोघींसाठी रडू आले. खुशीने मात्र तिच्यासाठी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

यंदा समितीने आपणहून खुशीला ते काम देऊ केले. ती म्हणाली, "नाही, मले ताशा वाजवाचा हाय." चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती ताशा वाजवत गेली. सकाळी तिच्या आईने त्यांच्या रीतीप्रमाणे बुद्धमूर्तीला सुगंधी पाण्याने अंघोळ घातली. त्यांच्याकडे त्याच दिवसांत नवे वर्ष येते. मग ओट्यावर उभे राहून ती नगरातल्या पोरांवर पाणी शिंपडत होती. पोरे रांग लावून, डोळे मिटून उभी होती. भारतभाऊंचा नातूही होता.

कलम नववे. अट नसण्याविषयी.

हे मृत्युपत्र मी लिहीत आहे असे कळल्यावर भारतभाऊ एक कागद घेऊन आले. त्यात असे कलम होते: 'सुजाताने दारव्हा सोडल्यास अथवा पुनर्विवाह केल्यास घर मनवर कुटुंबाकडे परत येईल.' वर सांगितलेला दबाव तो हाच. ते ओरडले नाहीत, हात जोडून म्हणाले, "वहिनी, ते विकून पळून जाईल."

मी म्हणाले, "मोनालीला मी शेत देते आहे. ती वणी सोडून पुण्याला गेली, तर शेत परत घेऊ का?"

"मोनाली आपली हाय."

"हेच मला खोडायचं आहे, भाऊ."

सुजाताने हे घर विकावे, भाड्याने द्यावे, त्यात राहावे, पुन्हा लग्न करून नवऱ्याला त्यात आणावे किंवा खुशीला घेऊन आपल्या आईवडिलांच्या नदीकाठी जावे. जाणे म्हणजे पळून जाणे नव्हे. मुलगा माझा गेला, तेव्हा ती थांबली ती माझ्यासाठी थांबली की स्वतःसाठी, हे मी तिला कधी विचारले नाही. घर देऊन तिला बांधायचे असते, तर मी दोरच दिला असता.

कलम दहावे. इतर वाटप.

मूळ गावच्या शिवारातील माझे दोन एकर शेत व माझी सोन्याची एकदाणी मोनालीला. बँकेत जे असेल ते मोनाली व खुशी यांना निम्मे निम्मे. पुस्तकांचे कपाट विहाराच्या वाचनालयाला, कुलूप न लावण्याच्या बोलीवर. श्रावण यांचा निळा कोट, जो ते फक्त दीक्षाभूमीला जाताना घालत, तो भारतभाऊंना. त्यांनी तो पूर्वी दोनदा मागितला होता आणि मी दिला नव्हता. बाह्या त्यांना लांब होतील. सुजाताकडून आखूड करून घ्याव्यात, तिचा हात चांगला आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मोनाली करील.

कलम अकरावे. अंत्यविधी.

विधी बौद्ध पद्धतीने व्हावा. अग्नी सुजाता आणि खुशी देतील. वंदना सुजाता म्हणेल, तिच्या उच्चारात, तिच्या चालीत. मध्ये कोणी दुरुस्त करू नये.

कलम शेवटचे. हे सही करण्यापूर्वी, निबंधक कचेरीच्या बाहेर ओट्यावर बसून लिहीत आहे.

सकाळी आम्ही चौघे रिक्षाने आलो. मी, सुजाता आणि दोन्ही साक्षीदार. भारतभाऊंना मी साक्षीला बोलावले तेव्हा त्यांनी आधी सगळे वाचायला मागितले. मी दिले. वाचायला त्यांना फार वेळ लागला. चष्मा पुसून कागद परत केले आणि पायात चपला घातल्या, एवढेच. रिक्षात विमलताई आणि सुजाता मिरचीच्या भावावर बोलत होत्या.

झाडाखाली बसणारा अर्जनवीस अर्जाचा कागद भरत होता. त्याने माझे नाव लिहिले, साक्षीदारांची लिहिली. मग मान वर केली, सुजाताकडे बघितले आणि पेन थांबवून विचारले, "मॅडम कुठच्या?"

मी तोंड उघडले. भारतभाऊंनीही उघडले, मी पाहिले. सुजाता पर्समध्ये आधार कार्ड शोधत होती. वर न बघता म्हणाली, "दारव्ह्याची. काहून?"

"नाही, सहज," तो म्हणाला आणि लिहू लागला.

इतकी वर्षे कोणी असे विचारले की तिच्याआधी मी उत्तर देत आले. आज माझे उत्तर तोंडातच राहिले आणि ते तसेच राहिलेले बरे वाटले. या घराविषयी पुढे कोणाला काही विचारायचे असल्यास मालकिणीला विचारावे.

वरील मजकूर मी वाचला, समजला, तो माझा आहे. सही करीत आहे.

नलू श्रावण मनवर

साक्षीदार:

१. विमल जिरापुरे, दारव्हा. नलूबाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. भारत तुकाराम मनवर, जेतवन नगर, दारव्हा. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. मजकुरातले सगळे मला पटले असे नाही. जे माझ्याबद्दल लिहिले ते घडले आहे. सही खरी आहे.

स्थळ: दारव्हा, जिल्हा यवतमाळ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५